आकाशाचे चवदार तळे

रात्रपाळी संपवून पनवेल स्टेशनात उतरणाऱ्या माणसाने क्षणभर मान वर करून पाहावे. काय दिसते? स्टेशनाचे दिवे, उड्डाणपुलाचे दिवे, महामार्गावरून सरकणाऱ्या ट्रकांचे दिवे आणि डिसेंबर २०२५ पासून नव्या विमानतळावर उतरणाऱ्या विमानांचे दिवे. तारे मात्र बोटांवर मोजावेत इतकेच. पावसाळ्याचे चार महिने तर तेही नाहीत. शुक्राची चांदणी उगवली की आमच्या आज्या गावाकडे उठून जात्यावर बसत. त्यांच्या नातवंडांना आज ती चांदणी कोणत्या दिशेला दिसते हेही ठाऊक नाही.

आणि तरीही आम्ही म्हणतो की आज पनवेलच्या वस्तीत राहणाऱ्या मुलीला जेवढे आकाश पाहता येते, तेवढे पूर्वी राजेरजवाड्यांनाही पाहता आले नाही. ते गच्चीवरून दिसत नाही. अवकाशात सोडलेल्या दुर्बिणींनी गोळा केलेल्या माहितीतून ते दिसते. ही माहिती जगातल्या कोणालाही पाहायला मिळते. ती काय असते, कोण वाचते आणि आमच्या मुलामुलींचा तिच्याशी काय संबंध, हे या लेखात सांगायचे आहे.

पनवेलचा आकाशाशी संबंध

कळंबोलीच्या महामार्गाने रोज जाणाऱ्या कितीजणांना माहीत आहे, की नवीन पनवेलमध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे? पृथ्वीच्या चुंबकत्वाचा अभ्यास करणारी ही केंद्र सरकारची संशोधन संस्था. तिचे मूळ मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत. तेथे १८४१ पासून चुंबकीय नोंदी होऊ लागल्या. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या विजेने नोंदी बिघडणार, म्हणून हे काम १९०४ साली अलिबागला हलले. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावर मोठा स्फोट झाला. त्याने पृथ्वीवर उठलेल्या चुंबकीय वादळाची नोंद कुलाब्याला झाली होती आणि शास्त्रज्ञ आजही ती अभ्यासतात.

सूर्य हा एक ताराच आहे, आम्हांला सर्वांत जवळचा. म्हणजे एका ताऱ्याच्या उलाढालींचा पृथ्वीवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास आमच्या शेजारीच चालतो. आता या ताऱ्यापलीकडे जाऊ.

दुर्बीण वर का न्यायची?

पृथ्वीभोवतीची हवा आम्हांला जगवते, पण आकाश पाहणाऱ्याला ती आडवी येते. तापलेल्या डांबरी रस्त्यावरून पलीकडे पाहिले की सारे थरथरताना दिसते. ताऱ्यांचे लुकलुकणे तसेच, हवेमुळे. शिवाय ताऱ्यांचा सगळाच प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. जांभळ्याच्या पलीकडचे अतिनील किरण आणि क्ष-किरण हवेत अडतात. तांबड्याच्या अलीकडचे अवरक्त किरण, म्हणजे उष्णतेचे किरण, तेही बरेचसे अडतात. म्हणून दुर्बीण हवेच्या वर न्यायची.

हा विचार फार आधी मांडणाऱ्यांत एक भारतीय होते. डॉ. मेघनाद साहा. जन्म ६ ऑक्टोबर १८९३, ढाक्याजवळच्या खेड्यात. वडिलांचे किराणा मालाचे छोटे दुकान. जात खालची मानलेली. कलकत्त्याच्या वसतिगृहात उच्चवर्णीय विद्यार्थी त्यांच्यासोबत जेवायला बसत नसत. त्याच मेघनादांनी १९२० साली एक समीकरण मांडले. ताऱ्याच्या प्रकाशाचा वर्णपट पाहून तेथील उष्णता आणि तेथील द्रव्य कसे ओळखायचे, हे त्या समीकरणाने जगाला कळले. त्याचाच आधार घेऊन सिसिलिया पेन या तरुण संशोधिकेने १९२५ मध्ये दाखवून दिले, की तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम यांचे बनलेले आहेत. आणि १९३७ साली साहांनी लिहिले, की वातावरणाच्या उंच थरात वेधशाळा नेली तर सूर्याचे अडलेले अतिनील किरण टिपता येतील. तेव्हा एकही उपग्रह आकाशात गेलेला नव्हता. ज्याला पंगतीत जागा नाकारली, त्याने ताऱ्यांची भाषा वाचण्याची किल्ली दिली!

दोन मोठ्या दुर्बिणी

अमेरिकेच्या नासा संस्थेने युरोपच्या साथीने हबल दुर्बीण २४ एप्रिल १९९० रोजी सोडली. तिचा आरसा २.४ मीटर रुंद. वर गेल्यावर कळले, की आरसा घासतानाच चूक झाली आहे आणि चित्रे अंधुक येत आहेत. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन तिला जणू चष्मा बसवला आणि तिची दृष्टी सुधारली. चूक लपवून न ठेवता ती शोधायची आणि दुरुस्त करायची, ही विज्ञानाची रीत यातून शिकण्यासारखी आहे.

दुसरी जेम्स वेब दुर्बीण. ती २५ डिसेंबर २०२१ रोजी सुटली. २५ डिसेंबर हा आमचा मनुस्मृती दहन दिन. योगायोगाला आम्ही शुभ-अशुभ मानत नाही, पण तारीख लक्षात ठेवायला हा योगायोग बरा! वेबचा आरसा ६.५ मीटर रुंद आहे. सोन्याचा मुलामा दिलेल्या १८ षटकोनी तुकड्यांचा तो बनलेला आहे. ती पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर असते, म्हणजे चंद्राच्या जवळजवळ चौपट अंतरावर. तिला सूर्याची झळ लागू नये म्हणून टेनिसच्या मैदानाएवढा पाच पदरी पडदा आहे. ती अवरक्त किरण पाहते. स्वतःच गरम असती, तर स्वतःच्याच उष्णतेने आंधळी झाली असती.

चित्र नव्हे, आकडे

वर्तमानपत्रांत या दुर्बिणींची रंगीत चित्रे येतात. पण दुर्बीण चित्र पाठवत नाही, आकडे पाठवते. मोठी चौकटीची वही डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक चौकटीत एक आकडा, तेथे किती प्रकाश पडला त्याचा. अशा लक्षावधी चौकटी. एकदा एका रंगाची काच लावून पाहायचे, मग दुसऱ्या रंगाची. प्रत्येक काचेची वही वेगळी. त्यातून मागची धूसर उजळणी वजा करायची, खोट्या खुणा काढून टाकायच्या आणि उरलेले ठिपके कोणते तारे, कोणत्या दीर्घिका, हे ओळखायचे. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची वसाहत. आपण राहतो ती आकाशगंगा ही त्यांतलीच एक.

रंगावरून काय कळते? लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी तांबडे होते, मग पिवळे, अधिक तापले की पांढरे. ताऱ्यांचेही तसेच. निळसर तारे सर्वांत तप्त आणि तरुण, तांबडे तारे त्यामानाने थंड. एखाद्या दीर्घिकेत निळा प्रकाश भरपूर असेल, तर तेथे नवे तारे जन्मत आहेत असे समजायचे.

अंतर कसे मोजतात? विश्व प्रसरण पावत आहे. प्रकाश जितका लांबून येतो, तितकी त्याची लहर वाटेत ताणली जाते आणि तो तांबड्याकडे सरकतो. याला ताम्रसृती म्हणतात. लहर किती ताणली हे मोजले, की प्रकाश किती वर्षांपूर्वी निघाला ते काढता येते. प्रकाश एका वर्षात सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर जातो. ते एक प्रकाशवर्ष. म्हणून दूरचे पाहणे म्हणजे जुने पाहणे. गावाकडून आलेले पत्र आज हातात पडले, तरी त्यातली खबर पत्र टाकले त्या दिवसाची असते, तसे हे आहे.

पुण्यात सापडलेली अलकनंदा

आता ही माहिती वाचून काय घडते त्याचे ताजे उदाहरण पाहा. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात राशी जैन नावाची तरुणी पीएच.डी.चे संशोधन करते. तिचे मार्गदर्शक योगेश वाडदेकर. या दोघांनी वेब दुर्बिणीची माहिती तपासायला घेतली. सुमारे ७०,००० दीर्घिकांच्या नोंदी चाळता चाळता त्यांना एक ठिपका वेगळा दिसला. तिला दोन सुरेख, समतोल सर्पिल भुजा होत्या, जणू उघडे पडलेले भिंगरीचे पाते. तिला त्यांनी हिमालयातील नदीचे नाव दिले, अलकनंदा. हे संशोधन २०२५ मध्ये युरोपातील एका मान्यवर खगोलशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

तिचा प्रकाश सुमारे १२०० कोटी वर्षांपूर्वी निघाला. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे, म्हणजे तेव्हा ते अवघे १५० कोटी वर्षांचे होते. आमची पृथ्वी सुमारे ४५४ कोटी वर्षांची. हा प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वी नव्हती, सूर्यही नव्हता. वाटेत त्याची लहर पाचपट ताणली गेली. निघताना जो निळा होता, तो पोचताना अवरक्त झाला. म्हणून तो वेबनेच टिपावा लागला.

अलकनंदेचा पसारा सुमारे ३०,००० प्रकाशवर्षे, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या एक तृतीयांशाच्या आसपास. तिच्यातील ताऱ्यांचे वजन सुमारे १००० कोटी सूर्यांइतके आणि दर वर्षी सुमारे ६० सूर्यांएवढ्या द्रव्याचे नवे तारे तेथे बनत होते. यात विशेष ते काय? त्या बाल्यावस्थेतील विश्वात दीर्घिका वेड्यावाकड्या, गोळ्यागोळ्यांच्या असतात अशी समजूत होती. इतकी नीटनेटकी चकती आणि भुजा तयार होण्यास फार काळ लागत असावा, असे वाटत होते. अलकनंदेने ती समजूत पुन्हा तपासायला लावली.

आम्ही वाचकांचे लक्ष एका गोष्टीकडे वेधतो. दुर्बीण अमेरिकेची, युरोपची, कॅनडाची. शोध लागला पुण्यात. पनवेलहून गाडीत बसले तर दोन-अडीच तासांच्या वाटेवर.

आपली दुर्बीणही आहे

भारताचीही अवकाश दुर्बीण आहे. इस्रोने २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून ॲस्ट्रोसॅट सोडली. पाच वर्षे काम करील अशी तिची आखणी होती, पण २०२५ मध्ये तिने दहा वर्षे पूर्ण केली. तिची काही क्ष-किरण उपकरणे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली. तिच्या अतिनील दुर्बिणीचे आरसे ३८ सेंटिमीटरचे, म्हणजे हबलपुढे लहानच. पण पुण्याच्या आयुका संस्थेतील कनक साहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच दुर्बिणीने ऑक्टोबर २०१६ मध्ये आकाशाचा एक तुकडा २८ तासांहून अधिक काळ न्याहाळला. त्यात ९३० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका दीर्घिकेतून येणारे तीव्र अतिनील किरण त्यांना सापडले. ते किरण खरेच तेथून आले, की उपकरणाचा दोष, याची खात्री करण्यात बराच काळ गेला. ऑगस्ट २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. हबललाही जे दिसले नव्हते, ते या लहान दुर्बिणीला दिसले. साधन लहान असले तरी चिकाटी मोठी असली पाहिजे.

तळे खुले आहे

हबल आणि वेबची माहिती अमेरिकेतील बाल्टिमोर शहरातील संस्थेच्या भांडारात साठवतात. ॲस्ट्रोसॅटची माहिती इस्रोच्या भांडारात असते. ज्यांनी निरीक्षण मागितले, त्यांच्यासाठी काही माहिती साधारण वर्षभर राखून ठेवतात. काही लगेच खुली होते. मुदत संपली की ती सर्वांची. पैसे पडत नाहीत. जात, धर्म, देश विचारत नाहीत. बाई की पुरुष तेही विचारत नाहीत.

येथे आम्हांला महाडची आठवण होते. मुंबई कायदे कौन्सिलात रा. ब. बोले यांनी १९२३ साली ठराव मांडला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. पण कागदावर खुले झालेले तळे प्रत्यक्षात बंदच होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब स्वतः तळ्याच्या काठावर गेले, ओंजळ भरली, तेव्हा ते तळे खऱ्या अर्थाने आमचे झाले. बाबासाहेबांसाठी पाण्याचे मडके भरून वाट पाहणाऱ्या सोनबाची गोष्ट पनवेलमध्ये आजही सांगितली जाते. पाणी हाताशी असणे आणि ते तहानलेल्यापर्यंत पोचणे यांतले अंतर पनवेलकरांना वेगळे सांगायला नको.

माहितीचे हे तळेही खुले आहे. त्याच्या काठावर लाठी घेऊन कोणी उभा नाही. पण ओंजळ भरायला गणित लागते, भौतिकशास्त्र लागते, संगणक लागतो, थोडे इंग्रजी लागते. हे नसेल, तर खुले तळेही आमच्यासाठी कागदावरच खुले राहील.

पदवी नसलेल्यांनाही काही करता येते. २००७ साली इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी दीर्घिकांची चित्रे लोकांपुढे ठेवली आणि त्यांचे आकार ओळखायला मदत करा, असे आवाहन केले. या उपक्रमाचे नाव गॅलेक्सी झू. त्याच वर्षी हॅनी व्हॅन आर्केल या हॉलंडमधील शाळाशिक्षिकेला एका चित्रात एक विचित्र डाग दिसला. तिने विचारले, हे काय? शास्त्रज्ञांनाही माहीत नव्हते. पुढे हबल दुर्बीण त्याकडे वळवली गेली. एका शिक्षिकेच्या प्रश्नामागे जगातील नामांकित दुर्बीण वळली!

पंचांग की वर्णपट?

आता घरातले बोलू. दीक्षेला इतकी वर्षे झाली, तरी आमच्यातील काही घरांत लग्न ठरताना मुलीला मंगळ आहे का, हे हळूच विचारले जाते. ग्रहण लागले की गरोदर सुनेला विळी-सुरीला हात लावू देत नाहीत. भगवान बुद्धांनी दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात ग्रहणांची आणि ग्रहताऱ्यांची भाकिते सांगून पोट भरणे हीन विद्येत गणले आहे. धम्म एहिपस्सिको आहे, असे आम्ही वंदनेत रोज म्हणतो. याचा अर्थ ये आणि पाहा. मंगळावर यंत्रे उतरून माती तपासत आहेत. त्या मंगळाला पनवेलच्या मुलीच्या लग्नाशी काय देणेघेणे? ज्यांना आकाश पाहण्याचा खरा मार्ग उघडला आहे, त्यांनी दक्षिणा देऊन आकाश विकत घेऊ नये.

"तारे मोजून पोट भरते का?"

आई-वडिलांचा हा प्रश्न चुकीचा नाही. नाक्यावर उभे राहून, कारखान्यात राबून, चार घरची धुणीभांडी करून ज्यांनी मुले शिकवली, त्यांना तो विचारण्याचा हक्क आहे. म्हणून खरे तेच सांगतो. वाट लांब आहे. बारावी विज्ञान, मग बी.एस्सी., एम.एस्सी. आणि त्यानंतर पाच-सहा वर्षांची पीएच.डी. संशोधकांच्या कायम जागा थोड्या. मात्र पीएच.डी.च्या काळात घरून पैसे आणावे लागत नाहीत. प्रवेश परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास संशोधनवृत्ती मिळते. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ पासून ती सुरुवातीला दरमहा ३७,००० रुपये केली आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे, बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे. १९९० च्या कायद्याने बौद्धांनाही केंद्राच्या सवलतींचा हक्क मिळाला आहे. जातीचा दाखला आणि पडताळणीची कागदपत्रे दहावीपासूनच नीट लावून ठेवा. ऐन वेळी धावपळ करून मुलांची वर्षे जातात.

आणि संशोधक नाही झाला तरी काय? ७०,००० ठिपक्यांतून एक वेगळा ठिपका शोधायला शिकलेला हात बँकेत, रुग्णालयात, हवामान खात्यात, संगणक कंपनीत कोठेही चालतो. हे शिक्षण वाया जात नाही.

विहारात काय करता येईल?

भाषणे पुष्कळ झाली. आता काही कामे सुचवतो.

ज्या विहारात अभ्यासिका आहे, तेथे इंटरनेट जोडलेला एक चांगला संगणक असावा. जयंतीच्या वर्गणीतून एवढे सहज होईल. ध्वनिक्षेपकाचे एका रात्रीचे भाडे कमी केले तरी चालेल. त्या संगणकावर स्टेलॅरियम हे फुकट मिळणारे आकाशाचे नकाशे दाखवणारे साधन घालावे. दिव्यांमुळे आणि ढगांमुळे न दिसणारे पनवेलचे आकाश मुलांना त्यात दिसेल.

रविवारी वंदनेनंतर तासभर गणिताचा वर्ग घ्यावा. आमच्यात शिक्षक, अभियंते, बँक कर्मचारी आता कमी नाहीत. त्यांनी आळीपाळीने यावे. आठवी-नववीत गणिताची भीती बसली, की पुढची सारी दारे आपोआप बंद होतात.

वर्षातून एक सहल ताऱ्यांकडे न्यावी. वरळीचे नेहरू तारांगण जवळ आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, म्हणजे २८ फेब्रुवारीला, नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या आवारात विज्ञान प्रदर्शन भरते. गावोगावची शाळकरी मुले तेथे येतात. आमच्याही मुलांची एक गाडी पनवेलहून निघावी.

आणि मुलीला प्रथम न्यावे. घरात एकच मोबाईल असेल, तर तो भावाच्या हाती आणि बहीण भांड्यांपाशी, असे होऊ नये. अलकनंदा शोधणारी एक तरुणीच आहे, हे त्या भावालाही सांगावे.

बाबासाहेब परदेशी ग्रंथालयांत सकाळपासून दार बंद होईपर्यंत वाचत बसत. आज जगातील एक मोठे भांडार पनवेलच्या वस्तीतही उघडते आणि त्याला बंद होण्याची वेळ नाही. आज रात्री जेवणे झाल्यावर मुलांना जवळ बसवा. सूर्यही जन्मला नव्हता तेव्हा निघालेला प्रकाश पुण्यात एका मुलीने वाचला, ही गोष्ट त्यांना सांगा. आणि मुलीने "मलाही शिकायचे आहे" म्हटले, तर पोटाचा प्रश्न उद्या काढू. आज तिला फक्त "शीक" म्हणा.

जयभीम! नमो बुद्धाय!